कॅलेंडरवरच्या खुणा

रुग्ण समोर आला की डॉक्टर आधी विचारतात, "काय होते आहे?" आणि लगेच विचारतात, "कधीपासून?" एका दिवसाचा ताप वेगळा आणि रोज संध्याकाळी चढणारा ताप वेगळा. म्हणून तर इस्पितळात रुग्णाच्या खाटेपाशी तापाचा तक्ता ठेवतात. तरुण मुलामुलींच्या प्रेमसंबंधांत होणाऱ्या छळाबद्दल हा "कधीपासून?" पद्धतशीरपणे विचारायला आणि उत्तराचा तक्ता मांडायला मात्र १९८५ साल उजाडावे लागले. तो तक्ता तयार करणारी स्त्री त्याआधी एका शाळेत परिचारिका होती. तिच्या कामाची ही हकिगत शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

लग्नाआधीचे कोणी मोजत नव्हते

घरातील मारहाण हा वैज्ञानिक अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच तशी अलीकडची. १९६२ साली अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी मारहाण झालेल्या लहान मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पडून हात मोडला, असे सांगून आणलेल्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात कधी कधी अनेक हाडे मोडलेली दिसत. काही ताजी, काही अर्धवट जुळलेली, काही पूर्ण जुळलेली. एक मोडलेले हाड अपघाताचे असू शकते. वेगवेगळ्या वेळी मोडलेली पाच हाडे एकत्र पाहिली की वेगळीच कथा दिसू लागते. ही युक्ती ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा कामाला येणार आहे.

१९७१ साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी एक केंद्र सुरू केले. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांचे ते आश्रयस्थान झाले. १९७५ साली समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २,१४३ कुटुंबांची पाहणी केली. ढकलणे, थप्पड मारणे, लाथ मारणे, शस्त्र वापरणे अशा एकेका कृतीविषयी त्यांनी प्रश्न विचारले. "तुमच्याकडे मारहाण होते का?" असे विचारले असता नाही म्हणणारी माणसे "गेल्या वर्षात कोणी कोणाला ढकलले का?" या प्रश्नाला हो म्हणतात, हे त्यातून कळले. या पद्धतीत उणीवही होती. कृती मोजली जाई, पण ती कोणी कोणाला घाबरवण्यासाठी केली आणि इजा कोणाला झाली, हे त्या मोजणीत नीट येत नसे.

ही सारी पाहणी लग्न झालेल्या किंवा एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची होती. नुसते एकमेकांना भेटणारे, फिरायला जाणारे तरुण तिच्यात नव्हते. त्यामागे एक समजूत होती. बायको मार खाऊनही घरात राहते, कारण मुले असतात, हाती पैसा नसतो, माहेरी परतायची सोय नसते. कॉलेजातल्या मुलीला यातले काहीच बांधून ठेवत नाही. मित्राने हात उगारला तर ती सरळ निघून जाईल, असे गृहीत धरले जाई.

१९८१ साली जेम्स मेकपीस यांनी हे गृहीतक तपासून पाहिले. एका अमेरिकन विद्यापीठातील २०२ विद्यार्थ्यांना त्यांनी प्रश्नावली दिली. प्रेमसंबंधातील हिंसेचा स्वतः अनुभव घेतलेले विद्यार्थी सुमारे २१ टक्के निघाले, म्हणजे पाचांत एक. असा अनुभव आलेली व्यक्ती आपल्या ओळखीत आहे, असे सांगणारे साठ टक्क्यांहून अधिक होते. पाहणी लहान आणि एकाच संस्थेतली असल्याने हे आकडे साऱ्या देशाला लावता येत नाहीत. पण लग्नाची गाठ नसली की मारही नसतो, ही समजूत मात्र टिकली नाही. मग एक अवघड प्रश्न उरला. बांधून ठेवणारे काही दिसत नसताना मुलगी का थांबते? आणि आपण कोणत्या धोक्यात आहोत हे तिला का कळत नाही?

डेटनची परिचारिका

जॅकलीन कॅम्पबेल ओहायो राज्यातील डेटन शहरात शाळेतील परिचारिका म्हणून काम करीत. किशोरवयीन मुलींशी त्यांचा रोजचा संबंध येई. शाळा सोडून गेलेल्या अशाच एका मुलीचा तिच्या प्रियकराने खून केला. कॅम्पबेल त्या मुलीला चांगल्या ओळखत होत्या. मुलीच्या संसाराच्या तक्रारीही त्यांच्या कानावर येत असत. आपल्याला हे आधी कळू शकले असते का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. पुढच्या शिक्षणात त्यांनी शहरातील स्त्रियांच्या खुनांची पोलिसांकडील कागदपत्रे अभ्यासायला घेतली. ही प्रकरणे आकाशातून कोसळल्यासारखी अचानक घडलेली नव्हती. पुष्कळ ठिकाणी आधी मारहाण होती, धमक्या होत्या, पोलीस घरी येऊन गेल्याच्या नोंदी होत्या. खुणा होत्या, पण विखुरलेल्या होत्या.

१९८५ साली त्यांनी धोका अजमावण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. छळ सोसलेल्या स्त्रिया, आश्रयगृहांतील कार्यकर्त्या आणि पोलीस यांच्याशी बोलून प्रश्न ठरवले. आरंभी १५ प्रश्न होते. पुढे २० झाले. गेल्या वर्षात मारहाण वाढली आहे का? त्याने शस्त्राने धमकावले का? गळा दाबला का? तुम्ही कोणाशी बोलावे, कोठे जावे हे तो ठरवतो का? तो सतत संशय घेतो का? पाठलाग करतो का? आत्महत्येची धमकी देतो का? तो तुम्हाला ठार मारू शकेल असे तुम्हाला वाटते का? असे साधे, हो किंवा नाही म्हणता येणारे प्रश्न.

पण प्रश्नांच्या आधी एक गोष्ट करायची असे. स्त्रीच्या हाती वर्षाचे कॅलेंडर द्यायचे आणि जे जे प्रसंग घडले त्यांच्या तारखांवर खुणा करायला सांगायचे. आठवण पक्की नसेल तर सणाच्या, वाढदिवसाच्या आधाराने तारीख अदमासाने ठरवायची. प्रत्येक खुणेपुढे एक ते पाच यांपैकी आकडा लिहायचा. ढकलले किंवा थप्पड मारली पण इजा झाली नाही, तर एक. शस्त्र वापरले तर पाच.

या साध्या कागदाने काय केले पाहा. मारहाण वाढते आहे का, असे तोंडी विचारले तेव्हा नाही म्हणालेल्या स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांनी कॅलेंडर भरल्यावर आपले उत्तर बदलून हो असे केले. त्यांना कोणी काही पटवून दिले नव्हते. कोणी तिचा मित्र वाईट आहे असे म्हटले नव्हते. माहिती त्यांचीच होती. फक्त ती एका कागदावर आली होती.

हे असे का घडते? सोसणारी व्यक्ती प्रत्येक प्रसंग सुटा सुटा जगते. प्रत्येक प्रसंगाला त्याचे त्याचे कारण मिळते. त्या दिवशी तो दमलेला होता, त्या दिवशी माझेच चुकले, त्या दिवशी मी वर्गातल्या मुलाशी बोलत होते. मध्यंतरी तो रडतो, माफी मागतो, भेट आणतो, काही दिवस खरोखरच चांगला वागतो. मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली या चढउताराचे वर्णन केले होते. ताण साठतो, स्फोट होतो, मग पश्चात्ताप. हे चक्र प्रत्येक संबंधात असेच फिरते असे नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. पण चांगले दिवस वाईट दिवसांची आठवण पुसतात, ही गोष्ट पुष्कळांच्या अनुभवाची आहे. कॅलेंडर ती पुसू देत नाही. केम्प यांच्या क्ष-किरण चित्राने हाडांचे जे केले, तेच कॅलेंडरने आठवणींचे केले.

हात न उगारता

छळ म्हणजे मारहाणच, ही समजूतही याच काळात ढिली झाली. मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरात एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ सोसलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांशी गटागटाने चर्चा केली. १९८४ साली त्यातून चाकाच्या आकाराची एक आकृती तयार झाली. धाक दाखवणे, अपमान करणे, इतरांपासून तोडणे, झाले ते क्षुल्लक ठरवून दोष तिच्यावरच ढकलणे, पैशाने अडवणे अशा वागणुकीचे आरे त्यात होते. मारहाण ही या आऱ्यांना वेढणारी धाव होती. पुढे पेन्स यांनीच लिहिले की, सारे पुरुष सत्ता गाजवण्याच्या हेतूनेच असे वागतात हे आम्ही आधीच गृहीत धरले होते, आणि मग तेच आम्हाला दिसत राहिले. आपल्याच आकृतीकडे असे तपासून पाहणे ही शास्त्राची शिस्त झाली. आकृती मात्र वर्तन ओळखायला अजून उपयोगी पडते.

मैत्रिणी हळूहळू तुटतात. कपडे कोणते घालायचे हे विचारावे लागते. फोनचा पासवर्ड मागितला जातो, कोठे आहेस याचा फोटो पाठवावा लागतो, उत्तराला पाच मिनिटे उशीर झाला तर जाब द्यावा लागतो. "तू सोडून गेलीस तर मी जिवाचे बरेवाईट करीन" असे ऐकवले जाते. यातली एखादी गोष्ट एकदा घडली तर तिला हौस, काळजी किंवा प्रेम म्हणता येईल. त्यांची रांग लागली की अर्थ बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सततच्या धाकाच्या नियंत्रणाला २०१५ सालच्या कायद्याने गुन्हा ठरवले. जोडपे एकत्र राहत नसले तरी तो लागू होतो.

अकरा शहरे

कॅम्पबेल यांची प्रश्नावली खरोखर धोका ओळखते का, हे तपासणे बाकी होते. अमेरिकेतील अकरा शहरांत १९९४ ते २००० या काळातील प्रकरणे त्यांच्या गटाने घेतली. नवऱ्याने किंवा प्रियकराने खून केलेल्या २२० स्त्रियांची माहिती त्यांच्या जवळच्या माणसांकडून मिळवली. तुलनेसाठी त्याच शहरांतील छळ सोसूनही जिवंत असलेल्या ३४३ स्त्रियांना तेच प्रश्न विचारले. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. बंदूक हाताशी असलेल्या पुरुषाकडून खुनाचा धोका सुमारे पाचपट होता. अतिशय नियंत्रण गाजवणाऱ्या पुरुषाबरोबर राहून त्याला सोडणाऱ्या स्त्रीचा धोका सुमारे नऊपट होता. आणि मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आपल्यावरच्या धोक्याची पुरती कल्पना आली नव्हती.

हे आकडे अमेरिकेचे आहेत. तेथे बंदुका सहज मिळतात. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. शिवाय हा अभ्यास घडून गेलेल्या घटनांकडे मागे वळून पाहणारा आहे. पण दुसरा निष्कर्ष आपल्या रोजच्या सल्ल्याला तडा देतो. मुलीने काही सांगितले की आपण म्हणतो, "तोडून टाक, आजच्या आज." तोडणे योग्यच असते. पण नियंत्रण सुटते आहे असे वाटण्याचा तो क्षणच कित्येकदा सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून तोडण्यालाही आखणी लागते. कोठे, कोणाच्या सोबतीने, सांगितल्यानंतर पुढचे काही आठवडे ये-जा कशी करायची, हे आधी ठरवावे लागते.

खूण न ठेवणारी जखम

प्रश्नावलीतील गळा दाबण्याच्या प्रश्नाला पुढे मोठे महत्त्व आले. १९९५ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले. त्यानंतर तेथील सरकारी वकिलांच्या कार्यालयाने गळा दाबल्याच्या ३०० तक्रारींचे कागद तपासले. निम्म्या तक्रारींत मानेवर काहीही खूण नव्हती. उरलेल्यांतही बहुतेक खुणा छायाचित्रात न येण्याइतक्या फिकट होत्या. खूण नाही म्हणून तक्रारही गंभीर नाही, असे धरले जात होते.

शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. मानेतील मुख्य रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही सेकंदांतच शुद्ध हरपू शकते. त्यासाठी कातडीवर वळ उठायलाच हवेत असे नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसणे ही लक्षणे असतात. रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनी पक्षाघातही होऊ शकतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जोडीदाराने पूर्वी एकदा गळा दाबलेल्या स्त्रीच्या खुनाचा धोका सुमारे सातपट असतो. "त्याने नुसता गळा धरला" या वाक्यातला "नुसता" हा शब्द म्हणूनच काढून टाकला पाहिजे.

आपल्याकडे

१९९० साली उल्हासनगरमध्ये दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका विद्यार्थिनीला जिवंत जाळण्यात आले. महाराष्ट्र हादरला. अशा बातम्यांना मराठी वृत्तपत्रांत एक ठरलेला मथळा असतो, "एकतर्फी प्रेमातून". या शब्दांनी पाठलाग, धमक्या आणि नकार न ऐकण्याचा हट्ट हे सारे प्रेमाच्या खात्यावर जमा होते. मागचे महिने मथळ्यात येत नाहीत.

कायदाही हळूहळूच पुढे सरकला. १९८३ साली आलेले भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ नवरा आणि सासरच्या मंडळींपुरते होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने विवाहसदृश संबंधांनाही संरक्षण दिले. पण एका घरात एकत्र राहिलेले असणे ही त्याची अट आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ अधूनमधून एकत्र राहिल्याने असा संबंध ठरत नाही. म्हणजे कॉलेजात भेटणाऱ्या जोडीला हा कायदा सहसा लागू होत नाही. २०१३ साली पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हेही त्यात येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

ऐकून घेणाऱ्या जागाही तयार झाल्या. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून दिलासा केंद्र काढले. जखम बांधणाऱ्या परिचारिकेनेच "हे कसे झाले?" असे एकांतात विचारावे, हा त्यामागचा विचार होता.

शाळेत काय करता येईल

शाळेचे बळ नेमके याच ठिकाणी आहे. आईवडिलांखालोखाल मुलांना रोज पाहणारी माणसे म्हणजे शिक्षक. हजेरीपटात खाडे दिसतात, मैत्रिणींचा घोळका विरळ झालेला दिसतो, फोन वाजला की चेहरा उतरतो ते दिसते. त्यातली एक खूण काही सिद्ध करत नाही. चार खुणा दिसल्या तर एकांतात विचारावे.

विचारताना "तुझे कोणाशी काही चालले आहे का?" हा प्रश्न उलटतपासणीचा होतो, दार बंद होते. "कोणाची भीती वाटते का? कोणी तुला कोठे जाऊ देत नाही का?" असे विचारावे. सांगितलेले खरे मानावे. "तू त्याच्याशी बोललीसच का?" हा प्रश्न पुढची सारी माहिती थांबवतो. दोघांना समोरासमोर बसवून समेट करण्याचा मोह टाळावा. धाकातली व्यक्ती धाक घालणाऱ्यासमोर खरे बोलत नाही. मुलीची तयारी असेल तर कॅलेंडर पुढे ठेवावे. मात्र तो कागद तिने घरी किंवा दप्तरात नेऊ नये, शाळेत सुरक्षित ठेवावा. धमकीचे संदेश पुसू नयेत. गळा दाबल्याचे कळले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती धरली जात नाही, म्हणून पुष्कळ मुली सांगायलाच घाबरतात. तेव्हा, "कोणाला सांगावे लागेल ते तुला आधी सांगेन, आणि तुझ्यासोबत येईन" एवढे वचन देता येते. ते पाळावे. मदतीसाठी मुलांकरिता १०९८, स्त्रियांकरिता १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक वर्गात लावून ठेवावेत.

मुलगेही छळ सोसतात आणि हसे होईल म्हणून बोलत नाहीत. आणि धाक घालणारा मुलगाही कोणाच्या तरी वर्गातच बसलेला असतो. १९९४ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात व्हॅन्जी फोशी आणि सहकाऱ्यांनी १४ शाळांत एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने शाळांचे दोन गट केले. एका गटातील आठवी-नववीच्या वर्गांना दहा तासिका, मुलांनीच सादर केलेले एक नाटक आणि भित्तिपत्रकांची स्पर्धा असा कार्यक्रम दिला. राग आला तर काय करायचे, नकार कसा द्यायचा आणि कसा ऐकायचा, मदत कोठे मागायची, हे त्यात होते. चार वर्षांनी पाहिले तेव्हा त्या मुलामुलींत मारणे आणि मार खाणे दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा कमी होते.

दहा तासिका म्हणजे विज्ञानाच्या एका मोठ्या धड्याइतकाच वेळ. मूल्यशिक्षणाच्या तासांतून तो काढता येतो. सुरुवात नकारापासून करावी. "नाही" हे पूर्ण उत्तर आहे, त्यापुढे कारण द्यावे लागत नाही, एवढे मुलग्यांनी आणि मुलींनी एकाच वर्गात बसून ऐकले तरी पुष्कळ काम होईल.